स्टुटगार्टचे वातविवर

मोटारीच्या इतिहासात वारा हा फार काळ केवळ जकातदार म्हणून वावरला. गाडी जितकी वेगवान तितकी त्याची वसुली मोठी, आणि अभियंत्यांची सारी बुद्धी ही वसुली कमी कशी करावी याच एका तजविजीत खर्च होई. आजही विक्रेत्याच्या सचित्र पुस्तिकेत वायुरोधाचा गुणांक दशांशाच्या दोनतीन स्थळांपर्यंत छापलेला आढळतो, तो त्याच परंपरेचा वारसा होय. परंतु या वाऱ्याचा दुसरा एक स्वभाव आहे, जो इंधनाच्या हिशेबात कोठेच उतरत नाही. तो क्षणोक्षणी बदलतो, आणि बदलताना गाडीचे नाक एकीकडे ढकलतो, मागची चाके हलकी करतो, चालकाच्या हातातील स्टिअरिंगला अनपेक्षित हिसका देतो. या चंचल स्वभावाची रीतसर जबानी घेण्याचे काम ज्या मोजक्या संस्थांनी केले, त्यांत जर्मनीतील स्टुटगार्ट येथील एफकेएफएस या मोटार-संशोधन संस्थेचा मान फार वरचा आहे.

ही संस्था १९३० साली स्थापन झाली. तिचे संस्थापक वूनिबाल्ट काम्म यांचा जन्म १८९३ चा, बाझेलचा. स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यालयात प्राध्यापकपदी नियुक्ती होताच त्यांनी मोटारीचे इंजिन, चाके, मार्ग आणि वारा या सर्वांचा एकाच छपराखाली अभ्यास व्हावा असा आग्रह धरला. या आग्रहातच संस्थेच्या पुढील कर्तृत्वाचे बीज होते, असे मला वाटते. कारण वाऱ्याचे शास्त्र एका दफ्तरात आणि चाकांचे शास्त्र दुसऱ्या दफ्तरात, अशी जी वाटणी इतरत्र पुढे अनेक वर्षे चालली, तिच्यामुळेच या दोहोंच्या सीमेवर उभा असलेला प्रश्न कोणाच्याच अखत्यारीत येत नसे.

तो प्रश्न असा. त्या काळी वातप्रवाही आकारांचे युग नुकतेच उदयास आले होते. व्हिएन्नात जन्मलेले पॉल यारे हे झेपेलिनच्या कारखान्यात हवाई जहाजांचे आकार घडवीत असत; पहिल्या महायुद्धानंतर ते ज्ञान त्यांनी मोटारीकडे वळविले आणि १९२१ साली, पुढून गोलसर व मागे हळूहळू निमुळत्या होत जाणाऱ्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. असा आकार वारा समोरून येत असेल तोवर आदर्श खरा. पण तो जरा तिरका आला की या सुबकपणाचीच किंमत मोजावी लागते. बोजड, चौकोनी गाडीवर आडव्या वाऱ्याचा दाब नाकापासून पाठीपर्यंत बराचसा सारखा वाटला जातो. निमुळत्या गाडीवर मात्र तो जवळजवळ सगळा नाकाशी एकवटतो, मागच्या भागाचा प्रतिकार नाममात्र उरतो, आणि सारी गाडी वाऱ्याच्या दिशेला पाठ फिरवू पाहते. हवाई जहाजांच्या कारागिरांना हा दोष पूर्ण परिचित होता. त्यांच्या जहाजांच्या शेपटीला जे अवाढव्य पंख असत ते याच दोषाच्या परिहारासाठी. मोटारीला असे पंख लावणार कोण? चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीने ते धाडस अंशतः केले. १९३४ साली तिने आणलेल्या ७७ या गाडीच्या पाठीवर माशाच्या पाठीवरील परासारखा जो उभा पडदा दिसतो, तो शोभेसाठी बसविलेला नव्हे. त्या गाडीचे इंजिनही मागे होते. म्हणजे गुरुत्वमध्य मागे, वाऱ्याचा दाब पुढे, आणि या दोहोंमधील अंतर तरफेसारखे काम करून वळणाचा जोर वाढविणार.

प्राध्यापक काम्म यांनी निराळा मार्ग काढला. लांब शेपटीचा बराचसा भाग रोध कमी करण्याच्या कामी फारसा येत नाही, असे त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. मग हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटण्याच्या बेतात येतो तेथेच शेपटी सरळ छाटून टाकावी, म्हणजे गाडी आटोपशीर होते, रोधही फारसा वाढत नाही, आणि मागच्या उंच, रुंद बाजूमुळे आडव्या वाऱ्याला तोंड देण्याची ताकद काही अंशी परत मिळते. हे छाटलेले बूड आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पूर्ण आकाराची मोटार मावेल असे वातविवर, म्हणजे विंड टनेल, त्यांनी स्टुटगार्टच्या उंटरट्युर्कहाइम भागात उभारले; युद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, तेथे मापनास आरंभ झाला, आणि युद्धानंतर ते डाइमलर-बेन्झच्या ताब्यात जाऊन त्या कंपनीच्या गाड्यांचे परीक्षास्थान बनले. काम्म यांना स्वतःला युद्धानंतर काही वर्षे अमेरिकेत काढावी लागली. १९६६ साली ते निवर्तले.

या सर्व उद्योगात वारा मात्र पाळीव होता. वातविवरातील पंखा एका ठराविक गतीने फिरतो, हवा जाळ्यांमधून गाळून, सरळ करून, शक्य तितकी निर्मळ अशी गाडीवर सोडतात, आणि गाडीखालच्या तराजूवर रोध, उत्थापन व आडवा दाब यांचे आकडे स्थिर झाले की ते वहीत उतरवितात. आडव्या वाऱ्याचा विचार करावयाचा तर गाडी फिरत्या चबुतऱ्यावर पाच अंश, दहा अंश तिरकी करून पुन्हा आकडे घ्यावयाचे. ही पद्धत अत्यंत उपयुक्त आहे, आणि तिच्यावाचून कोणाचेही चालत नाही. पण रस्त्यावर असा वारा कधी भेटतो?

१९३८ च्या जानेवारीची २८ तारीख जर्मन मोटारशर्यतीच्या इतिहासात काळ्या अक्षरांनी लिहिलेली आहे. फ्रँकफुर्ट ते डार्मश्टाट या नव्या महामार्गावर त्या सकाळी रुडॉल्फ काराच्चिओला याने मर्सिडीजच्या विक्रमी गाडीतून ताशी ४३२.७ किलोमीटर वेग गाठला. काही वेळाने ऑटो-युनियनचा बेर्न्ट रोझमायर तो विक्रम मोडण्यास निघाला. जंगलातून जाणारा तो रस्ता एके ठिकाणी मोकळ्या जागेवर येतो. तेथे बाजूने आलेल्या झोताने गाडी सरकली, ताबा सुटला आणि तो तरुण जागीच गेला. अपघाताची नेमकी मीमांसा अजून वादग्रस्त आहे, आणि वाऱ्याबरोबर गाडीच्या रचनेलाही काही जण जबाबदार धरतात. पण झाडांची भिंत एकाएकी संपते आणि आडवा वारा एका क्षणात शून्यातून पूर्ण बळावर येतो, या प्रसंगाचे मापन स्थिर वाऱ्याच्या वातविवरात होणे शक्य नव्हते, एवढे निर्विवाद आहे.

वाऱ्याने मागची चाके हलकी केली म्हणजे काय होते, याचा दाखला स्टुटगार्टच्याच पोर्शे कंपनीच्या ९१७ या गाडीने दिला, आणि तो इतका उद्बोधक आहे की येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. फर्डिनांड पिएख यांच्या देखरेखीखाली घडलेली ही बारा नळकांड्यांची, साडेचार लिटरची गाडी १९६९ च्या मार्चमध्ये जिनिव्हात प्रथम प्रदर्शित झाली. कमी रोधासाठी तिची शेपटी लांब ठेवली होती. सरळ रस्त्यावर तिचा वेग थक्क करणारा. पण कसलेले चालकही तिच्यात बसायला नाखूश असत, कारण ती जलद सरळ रस्त्यावरच इकडून तिकडे भटके. त्या वर्षी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत, पहिल्याच फेरीत, जॉन वुल्फ हा चालक ९१७ मधून प्राणास मुकला. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातील झेल्टवेगजवळच्या शर्यतमार्गावर जॉन वायर यांच्या इंग्रजी पथकाने पोर्शेच्या माणसांबरोबर तिची कसून तपासणी केली. सस्पेन्शनमध्ये नाना फेरफार झाले, गुण मात्र येईना. अशा वेळी पथकातील अभियंता जॉन हॉर्समन याचे लक्ष एका क्षुल्लक गोष्टीकडे गेले. त्या मार्गावरील चिलटे आदळून गाडीचे अंग ठिकठिकाणी ठिपक्यांनी भरून गेले होते. पण शेपटीवरच्या वाऱ्याच्या पट्टीवर मात्र एकही चिलट चिकटलेले नव्हते. याचा अर्थ वारा तेथवर पोहोचतच नव्हता; पाठीवरून तो आधीच सुटून निघून जात होता, आणि ज्या पट्टीने मागची चाके खाली दाबून धरावयाची ती निर्वात पोकळीत नुसती मिरवत होती. पथकाने जागच्या जागी अॅल्युमिनियमचे पत्रे कापून, रिव्हेट ठोकून, चिकटपट्टी लावून मागे उंच चढत जाणारी आखूड शेपटी तयार केली. त्यानंतर गाडी फेरीमागे कित्येक सेकंदांनी जलद झाली, आणि चालक फेऱ्या थांबवायला तयार होईनात. १९७० च्या ल मान्समध्ये हान्स हेरमान व रिचर्ड अॅटवुड यांनी याच आखूड शेपटीच्या गाडीतून पोर्शेला त्या शर्यतीतले पहिले सर्वंकष विजेतेपद मिळवून दिले.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी. मागच्या चाकांवरचा भार कमी होणे ही स्थिर बाब झाली; तिच्यामुळे गाडी भटकत नाही, भटकण्यास केवळ मोकळी होते. टायरची आडवी पकड त्याच्यावरील भाराशी बांधलेली असते; भार घटला की रस्त्यावरील प्रत्येक उंचवटा, वाऱ्याची प्रत्येक लहर, शेजारून गेलेल्या गाडीचा प्रत्येक धक्का, एरवी ज्याची दखलही घेतली गेली नसती, तो एकदम मोठा होऊन प्रकट होतो. सामान्य ग्राहकांच्या बाबतीतही हेच घडले. १९९८ साली आलेल्या ऑडी टीटी या देखण्या, गोलाकार गाडीचे जर्मन महामार्गांवर अतिवेगात, विशेषतः मार्गिका बदलताना, काही प्राणघातक अपघात झाले. कंपनीने १९९९ च्या अखेरीस गाड्या परत बोलावल्या, मागे एक छोटा स्पॉयलर बसविला, सस्पेन्शन बदलले आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-प्रणाली दिली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ल मान्सला मर्सिडीजच्या सीएलआर गाड्यांनी तर त्याहून भयंकर दृश्य दाखविले. सरावात मार्क वेबरची गाडी दोन वेळा नाक उचलून उलटी झाली, आणि शर्यतीत पीटर डंब्रेकची गाडी हवेत गोते खात झाडांत जाऊन पडली. दोघेही बचावले हे नशीब. रस्त्याचा चढाव ओलांडताना नाक किंचित उचलले जाते, पुढच्या गाडीच्या मागील भोवऱ्यांमुळे नाकावरचा दाब आणखी कमी होतो, खालून हवा शिरते, ती नाक अधिक उचलते, आणि अधिक उचलल्यामुळे अधिक हवा शिरते: हे चक्र एकदा सुरू झाले की ते थांबविण्यास चालकापाशी अवधी नसतो.

तर वाऱ्याच्या बळाचा अंदाज काय? ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर वेगाने चाललेल्या गाडीवर सेकंदाला १० मीटरचा वारा अगदी काटकोनात आला, तर गाडीला तो सुमारे १७ अंशांनी तिरका भासतो, आणि मध्यम आकाराच्या गाडीवर आडवा दाब साधारणपणे शंभर किलोग्रॅम वजनाइतका पडतो. हा दाब सतत राहिला तर चालक स्टिअरिंग किंचित तिरके धरून त्याला सहज निभावून नेतो. वांधा त्या दाबाच्या येण्याजाण्यात आहे. झोत प्रथम नाकाला भिडतो. साडेचार मीटर लांबीच्या गाडीची शेपटी त्या झोतात शिरायला सेकंदाचा सुमारे सातवा हिस्सा जातो, आणि शेपटीमागचा भोवऱ्यांचा पसारा नव्या दिशेशी जुळवून घेण्यास आणखी थोडा वेळ घेतो. या मधल्या काळात पुढे पूर्ण बळ आणि मागे जुनेच बळ अशी विसंगती असते, म्हणून नाक वळविणारा जोर स्थिर मापनाने सांगितलेल्या जोराहून तात्पुरता मोठा होतो. स्थिर आकड्यांवरून क्षणिक वाऱ्याचा हिशेब मांडणाऱ्या पद्धतीची मखलाशी येथेच उघडी पडते.

आणि या हिशेबात अजून चालक आलाच नाही. स्टुटगार्टच्या आंद्रेआस वाग्नर व योखेन वीडमान यांनी २००२ साली चालकाच्या दृष्टीने आडव्या वाऱ्याचा जो विचार मांडला, तो मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. वाऱ्याची लहर संथ असेल, म्हणजे एक हेलकावा पूर्ण होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर मनुष्य तिला नकळत उत्तर देतो. लहर फारच जलद असेल तर गाडीचे जडत्वच तिला गिळून टाकते. परंतु सेकंदाला अर्धा ते दोन हेलकावे या पट्ट्यात चालकाचे उत्तर उशिरा पोहोचते: तो डावीकडे सावरतो तोवर वारा उजवीकडे फिरलेला असतो, आणि त्याचा प्रामाणिक प्रयत्न चूक दुरुस्त करण्याऐवजी तीत भर घालतो. दुर्दैव असे की, महामार्गावरील वाऱ्याचा बराच मोठा वाटा नेमका याच पट्ट्यात येतो, कारण ताशी १२० च्या वेगाने सेकंदाला एक हेलकावा म्हणजे ३३ मीटर लांबीची लहर, आणि झाडांच्या रांगा, पुलांचे कठडे, मालमोटारींच्या आडोशाचे भाग यांचे माप साधारण त्याच घरातले असते. समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, एखाद्या लांबलचक कंटेनरला ओलांडणाऱ्याला हे नाट्य तपशिलासह अनुभवता येते: आधी कंटेनरच्या आडोशात आडवा वारा थांबतो, मग त्याच्या नाकापुढचा वारा बाहेर ढकलतो, तेथून पुढे सरकताच खुला आडवा वारा एकाएकी पुन्हा पकडतो, आणि हे सर्व दोनतीन सेकंदांत.

या पट्ट्यातला वारा दालनात निर्माण करण्याची युक्ती एफकेएफएस संस्थेने केली. फायहिंगेन येथील तिच्या पूर्ण आकाराच्या वातविवराचे मुख सुमारे साडेबावीस चौरस मीटर आहे. या शतकाच्या आरंभी तेथे गाडीखाली व चारही चाकांखाली फिरणारे पट्टे बसविले गेले, म्हणजे चाके फिरत राहतात आणि खालची जमीनही रस्त्याप्रमाणे मागे धावते. पुढे वाऱ्याच्या मुखाशी उभ्या पात्यांची एक रांग बसविण्यात आली. प्रत्येक पाते विमानाच्या पंखाच्या आकाराचे, उभ्या आसावर फिरणारे. सर्व पाती एकत्र डोलू लागली की तोवर गाईसारखा गरीब वाहणारा वारा नागमोडी होऊन गाडीवर येतो, आणि त्याची लांबी व वारंवारता संशोधक मागेल तशी मिळते. खऱ्या रस्त्यावर, गाडीच्या नाकापुढे मापकयंत्रे लावून नोंदविलेल्या वाऱ्याची चालही पात्यांकडून वठविता येते. तराजूवरचा आकडा आता स्थिर होण्याची वाट पाहत नाहीत. उलट त्याचे डोलणेच नोंदवून, वारा व बळ यांच्यात किती अंतराने किती तफावत पडते ते पाहतात. ही सामग्री मग स्टुटगार्ट विद्यापीठाच्या वाहन-आभासयंत्रात नेतात, जेथे खरी मोटार एका घुमटात उभी असते आणि घुमट चालकासह हलविला जातो. चालकाला गाडी किती सरकली यापेक्षा तिचे नाक किती वेगाने वळले याचे भय अधिक वाटते, ही गोष्ट तेथे पुनःपुन्हा प्रत्ययास येते.

या अभ्यासाचे फळ वाचकाला आपल्या गाडीवरही पाहता येईल. पुष्कळशा आधुनिक गाड्यांच्या मागच्या दिव्याच्या काचेवर, बाजूच्या कडेला, नखाला जाणवेल अशी एक तीक्ष्ण उभी धार असते. बाकी सगळे अंग गोल, तेवढी मात्र मुद्दाम टोकदार. गोल कोपऱ्यावर हवा कोठे सुटावी हे निश्चित नसते, आणि सुटण्याची जागा मागेपुढे सरकत राहिली की तीबरोबर आडवे बळही डोलते. धारेने ती जागा कायम करून टाकली. सपाट पाठीच्या गाड्यांबाबत तर फ्रेंच संशोधकांनी २०१० नंतरच्या दशकात असे दाखविले की, वारा अगदी सरळ व स्थिर असतानाही मागचे भोवरे कधी डावीकडे, कधी उजवीकडे झुकून बसतात, बराच वेळ तसेच राहतात आणि कोणत्याही पूर्वसूचनेवाचून बाजू बदलतात. म्हणजे चंचलता नेहमी बाहेरूनच येते असेही नाही.

काही भार आता यंत्राने उचलला आहे. मर्सिडीजच्या स्प्रिंटर या मालवाहू गाडीत २०१३ पासून आडव्या वाऱ्यासाठी मदतनीस प्रणाली बसते. ताशी ८० किलोमीटरांच्या वर झोताने गाडी वळू लागली की ती एका बाजूच्या चाकांना हलका ब्रेक लावून नाक परत आणते. उंच, सपाट बाजूंच्या रिकाम्या व्हॅनला याची गरज सर्वांहून अधिक. परंतु गाड्यांच्या तुलनेसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, क्रमांक १२०२१ चे, ते अजून जुन्याच शिरस्त्याचे आहे: रस्त्याकडेला पंख्यांची रांग उभी करावयाची, गाडी तिच्यासमोरून न्यावयाची आणि चालकाने स्टिअरिंग घट्ट एका जागी धरून बसावयाचे. गाडीची एकटीची कैफियत घेण्यास ही पद्धत रास्त आहे; पण स्टिअरिंग सावरणारा हातच ज्या दोषाचा भागीदार, त्या दोषाची चौकशी त्या हाताला बांधून ठेवून पूर्ण होत नाही. विक्रेत्याच्या पुस्तिकेत वायुरोधाचा गुणांक छापतात, इंधनाचा हिशेब छापतात, चाकांच्या रिमचा व्यास छापतात. आडव्या झोतात ही गाडी आणि तिचा चालक मिळून किती डोलतात, याचा रकाना मात्र अद्याप कोणी आखलेला नाही.